ब्रेक्झिट: मे बाईंचं नवं सरकार कलम ५० कधी आणि कसं वापरेल?

टेम्सकाठ | १५ जुलै २०१६

परवा संध्याकाळी थेरेसा मे राणीला भेटून पंतप्रधान होऊन आल्या, दहा डाउनिंग स्ट्रीटच्या दारात बोलल्या आणि आधीचे पंतप्रधान कॅमेरून यांची सहा वर्षं संपली. ब्रिटनने युरोपियन संघातून बाहेर पडावं की राहावं, या सार्वमताला तीन आठवडे झालेत. बाहेर पडा ५१.९, राहा ४८.१ टक्के. लोकांनी असा कौल का दिला यावर इथे भरपूर लिहून झालंय, ते पुन्हा नको. मला पुढचं बोलायचंय. हे सरकार बाहेर पडणार, म्हणजे काय काय करणार आणि कोणत्या क्रमाने?

ज्यांना तपशील माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. बाहेर पडायचा रस्ता युरोपियन संघाच्या लिस्बन कराराच्या कलम ५० मध्ये आहे. त्या देशाने युरोपियन कौन्सिलला लेखी नोटीस द्यायची. नोटीस दिल्या दिवसापासून दोन वर्षं मोजायची. तेवढ्यात करार झाला तर ठीक, नाहीतर करार नसतानाही सदस्यत्व संपतं. मुदत वाढवायची तर उरलेल्या सगळ्याच्या सगळ्या २७ देशांनी हो म्हणायला हवं.

माझं मत स्पष्ट आहे. ब्रिटनच्या हातात आज एकच गोष्ट आहे: नोटीस कधी द्यायची. ती दिली की घड्याळ समोरच्यांचं. म्हणून आपल्याला एकल बाजारपेठेत (जिथे माल, सेवा, पैसा आणि माणसं मोकळी फिरतात) राहायचंय की नाही, सीमाशुल्क संघात (आपसात जकात नाही, बाहेरच्या मालाला सगळ्यांची एकच जकात) राहायचंय की नाही, हे मंत्रिमंडळाने आधी कागदावर लिहावं, संसदेकडून मंजूर करून घ्यावं आणि मगच नोटीस द्यावी. त्याला एक वर्ष लागलं तरी चालेल. "ब्रेक्झिट म्हणजे ब्रेक्झिट" असं बाई म्हणाल्यात. पण त्याचा अर्थ त्यांचे नवे मंत्री डेव्हिड डेव्हिस, लियम फॉक्स आणि बोरिस जॉन्सन हे तिघे एकच सांगतील असं मला वाटत नाही. बाई स्वतः राहण्याच्या बाजूने होत्या, तिजोरी सांभाळणारे हॅमंडही.

तुम्हाला काय वाटतं?

कोथरूडचे काका | १५ जुलै २०१६

सार्वमत कायद्याने बंधनकारक नाही असं वाचलं. मग नोटीस दिलीच नाही तर?

डॉक्टर_लेस्टर | १५ जुलै २०१६

काका, कायद्याने नसेल पण लोकांनी दिलेल्या शब्दाने बंधनकारक आहे. ७२ टक्के मतदान झालंय. "तुम्ही ठरवाल ते आम्ही करू" असं सरकारच्या पत्रकात घरोघर छापून आलं होतं. आता नाही म्हटलं तर बाहेर पडायला कौल देणाऱ्या सँडरलंडच्या माणसाने यापुढे मतपेटीकडे का जावं?

टेम्सकाठ, मी बाहेर पडायला मत दिलंय आणि तुमच्या एका वर्षाच्या सल्ल्याशी पूर्ण असहमत आहे. एक वर्षाची दोन वर्षं होतात, मग निवडणूक येते, मग पुन्हा विचारूया म्हणतात. वर्ष संपायच्या आत नोटीस द्यायला हवी.

माझं कारणही सांगतो, कारण इथे बाहेर पडा म्हणणाऱ्याला लगेच वंशद्वेषी ठरवतात. २००६ मध्ये आरोग्य खात्याने एका फटक्यात नियम बदलले. भारतातून आलेल्या डॉक्टरांना प्रशिक्षणासाठी वर्क परमिट लागायला लागलं, युरोपातल्या डॉक्टरला मात्र काहीच नको. परीक्षा देऊन, कर्ज काढून आलेली आमची मुलं गुरुद्वारात जेवून दिवस काढत होती. पुढे भारतीय वंशाच्या डॉक्टरांची संघटना कोर्टात गेली आणि २००८ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये (तेव्हाचं सर्वोच्च न्यायपीठ) जिंकली, पण तोवर कित्येक जण परत गेले होते. सगळ्यांना एकच नियम, हे मला हवंय.

मीरा_साउथहॉल | १५ जुलै २०१६

डॉक्टर, तुमचा राग खरा आहे, पण तो नियम ब्रसेल्सने, म्हणजे युरोपियन संघाने, केला नव्हता. लंडनने केला होता.

युरोपियन कमी झाले की आपल्यासाठी दार उघडेल ही आशा मला भाबडी वाटते. मे बाई सहा वर्षं गृहमंत्री होत्या. पदवीनंतर दोन वर्षं काम करायचा व्हिसा २०१२ मध्ये त्यांच्याच काळात बंद झाला. कायम राहायचं तर ३५,००० पौंड पगार हवा, हा नियम याच एप्रिलपासून लागू झालाय. प्रचारात बाहेर पडा म्हणणारे आपल्या हॉटेलवाल्यांना "आचारी आणायला सोपं जाईल" असं सांगत फिरत होते. साउथहॉलच्या कितीतरी दुकानदारांनी त्या एका वाक्यावर मत दिलं. ते वाक्य आता कोणता मंत्री पाळणार?

आणखी एक सांगते, भारतातल्या वाचकांना ठाऊक नसेल. मी भारतीय पासपोर्टवर इथे आहे आणि तरी मला मत देता आलं, कारण भारत राष्ट्रकुलात आहे. माझ्या शेजारी एक पोलिश कुटुंब राहतं, पोलंड २००४ मध्ये संघात आल्यापासून ते इथे आहेत, त्यांची मुलं इथे जन्मली. त्यांना मत नव्हतं. ज्यांचं सगळं पणाला लागलंय त्यांना विचारलंच नाही. मतदान केंद्रातून घरी येताना मला त्या कुटुंबाशी बोलायचं धैर्य झालं नाही.

सॉलिहल_पिंपरी | १६ जुलै २०१६

मी गाड्यांच्या धंद्यातला, तेवढंच बोलतो. २००८ मध्ये टाटांनी जग्वार लँड रोव्हर घेतल्यापासून पिंपरी ते सॉलिहल (कंपनीचा इंग्लंडमधला कारखाना) ये-जा चालू आहे. गाडीचा एखादा भाग पक्का होईपर्यंत तीनदा-चारदा इंग्लिश खाडी ओलांडतो. ओतकाम एका देशात, यंत्रकाम दुसऱ्यात, जुळणी तिसऱ्यात. आज त्या प्रत्येक ओलांडण्याला शून्य जकात आणि शून्य कागद आहे. करार न होता बाहेर पडलो तर जागतिक व्यापार संघटनेचे दर लागणार, तयार गाडीवर १० टक्के. पण जकातीपेक्षा भीती वेळेची आहे. कारखान्यात काही तासांपुरताच माल असतो. डोव्हर बंदरात ट्रक अडकला की लाइन थांबते.

म्हणून सरकारला माझी एकच विनंती आहे, सीमाशुल्क संघाचं काय करणार ते सर्वांत आधी सांगा. आमच्या साहेबांना नव्या मॉडेलची गुंतवणूक ठरवायला तीन-चार वर्षं आधीपासून आकडे लागतात. नोटीस लवकर की उशिरा याने आम्हाला तितका फरक पडत नाही. आणि हो, सॉलिहलनेही बाहेर पडायलाच कौल दिला. माझ्याबरोबर लाइनवर काम करणाऱ्यांतले बरेच जण त्यात आहेत. चांगली माणसं आहेत, आपल्या कारखान्याला काही होईल असं त्यांना वाटतच नाही.

बाणेर_बालेवाडी | १६ जुलै २०१६

आमच्या सोसायटीत पुनर्विकासाचा ठराव पास व्हायला पाच वर्षं लागली, सभासद फक्त चोवीस. इथे सत्तावीस देश आणि दोन वर्षं. मे बाईंना आमच्या सेक्रेटरींचा नंबर देऊ का?

सॉलिहल_पिंपरी | १६ जुलै २०१६

@बाणेर, द्या. आणि सेक्रेटरींना सांगा, ४० वर्षांत या देशाने स्वतःचा एकही व्यापार करार केलेला नाही. १९७३ पासून ते काम ब्रसेल्सकडे आहे. वाटाघाटी करणारी अनुभवी माणसंच लंडनमध्ये नाहीत. फॉक्स यांचं परराष्ट्र व्यापार खातं परवा जन्मलंय.

निफाडकर | १६ जुलै २०१६

विषय निघालाच आहे तर बागायतदाराची बाजू मांडतो. आमची द्राक्षं जानेवारी ते एप्रिल युरोपात जातात, बराच माल रॉटरडॅमला उतरतो आणि ब्रिटन आमचं मोठं गिऱ्हाईक. २०१० साली काय झालं ते नाशिक जिल्ह्यात कोणालाही विचारा. क्लोरमेक्वाट क्लोराइडचे अंश मर्यादेपेक्षा जास्त निघाले म्हणून युरोपने कंटेनर अडवले. आम्ही त्याला लिहोसिन म्हणतो, वाढ रोखायला मारायचो, आणि तोवर त्याची तपासणीच कोणी मागितली नव्हती. कंटेनर बंदरात उभे, भाडं चालू, माल सडतोय. कितीतरी शेतकरी त्या एका हंगामाचं कर्ज पुढे वर्षानुवर्षं फेडत राहिले.

त्यानंतर आम्ही शिकलो. प्लॉटची नोंदणी, प्रयोगशाळेचा अहवाल, पॅकहाउस, सगळं रांगेत बसवलं. एक नियम पाळला की अठ्ठावीस देश उघडे. आता ब्रिटनने स्वतःची वेगळी यादी काढली तर एकाच घडासाठी दोन तपासण्या. त्यात पौंड शंभराच्या आसपास होता तो नव्वदीच्या खाली आलाय, आणि आमचे बरेच सौदे माल विकल्यावर हिशोब या बोलीवर असतात. मे बाईंच्या टेबलावर द्राक्षं कितव्या पानावर असतील माहीत नाही, पण किडनाशकांचे नियम बाहेर पडल्या दिवशी आहेत तसेच ठेवू, एवढं तरी आधी जाहीर करावं.

रत्नांग्री | १६ जुलै २०१६

अवांतर: म्हणजे हापूस आता ब्रसेल्सला न विचारता थेट लंडनला का? युरोपची २०१४ ची बंदी विसरलो नाही अजून.

मीरा_साउथहॉल | १६ जुलै २०१६

अवांतराला अवांतर: त्या वर्षी १ मेपासून आंबा बंद होता आणि सोबत अळू, वांगी, कारली, पडवळसुद्धा. गणपतीत अळूवड्या नाहीत! साउथहॉलच्या मंडईत बायका दुकानदारांशी भांडत होत्या.

निफाडकर | १६ जुलै २०१६

@रत्नांग्री, फळमाशी सापडली म्हणून ती बंदी होती आणि त्या वेळी ब्रिटनच्या शेतीखात्याने तिचं समर्थनच केलं होतं. त्यांना स्वतःच्या काचघरातल्या टोमॅटो-काकडीची काळजी होती. माशी काही सार्वमत बघून येत नाही. २०१५ च्या जानेवारीत आंब्याची बंदी उठली ती आपण तपासणी आणि प्रक्रिया सुधारली म्हणून. लंडन असो की ब्रसेल्स, स्वच्छ माल हाच रस्ता.

न्यूरीवाला | १७ जुलै २०१६

सगळे प्रतिसाद वाचले. एकानेही आयर्लंडचा उल्लेख केला नाही. इंग्लंडमधल्या प्रचारातही हेच झालं.

मी उत्तर आयर्लंडमध्ये न्यूरीला राहतो आणि कामाला रोज डंडाकला जातो, म्हणजे दुसऱ्या देशात. सीमा कुठे लागते ते रस्त्यावरच्या पाट्यांवरून कळतं, मैलांऐवजी किलोमीटर दिसायला लागतात. बाकी काही नाही. सुमारे ५०० किलोमीटरची सीमा आणि तिला ओलांडणारे दोनशेहून अधिक रस्ते. काही शेतं अशी की गोठा इकडे आणि कुरण तिकडे. माझ्या ऑफिसातले वयस्क सहकारी सांगतात, त्यांच्या तरुणपणी याच रस्त्यांवर लष्कराचे मनोरे होते, लहान रस्ते खड्डे पाडून बंद केले होते, आणि जकातनाक्यांवर बॉम्ब फुटायचे. १९९८ च्या गुड फ्रायडे शांतता करारानंतर ते सगळं हळूहळू गेलं. दोन्ही देश एकाच बाजारपेठेत असल्यामुळे जकातनाकं लागतच नव्हतं.

आता टेम्सकाठ यांनी विचारलेले दोन प्रश्न इथे लावून बघा. ब्रिटन सीमाशुल्क संघातून बाहेर पडलं, तर माल कुठेतरी तपासावाच लागेल. या सीमेवर तपासला तर नाकं परत आलं. आयरिश समुद्रात तपासला तर इथले युनियनिस्ट (ब्रिटनशी जोडलेलंच राहायचं म्हणणारे) म्हणणार, आम्हाला देशापासून तोडलं. तिसरी जागा मला तरी दिसत नाही. उत्तर आयर्लंडने ५५.८ टक्क्यांनी राहायला मत दिलंय, हेही लक्षात असू द्या. नोटीस लवकर की उशिरा या वादात पडण्याआधी लंडनने या एका प्रश्नाचं उत्तर तयार करावं.

डॉक्टर_लेस्टर | १७ जुलै २०१६

न्यूरीवाला, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. नॉर्वे आणि स्वीडनमध्ये सीमा आहेच की, आणि तिथे कोणी मरत नाही. कॅमेरे, आगाऊ अर्ज, नोंदणीकृत व्यापारी, यातून जमणार नाही का?

न्यूरीवाला | १७ जुलै २०१६

तिथेही नाकी आहेत, डॉक्टर. नॉर्वे एकल बाजारपेठेत आहे पण सीमाशुल्क संघात नाही, म्हणून ट्रकला थांबावं लागतं. जगातल्या सर्वांत सुरळीत सीमांपैकी ती एक, तरीही. आणि इथे नुसता कॅमेऱ्याचा खांब उभा केला तरी तो कोणीतरी तोडेल. मग खांबाच्या राखणीला पोलीस येतील आणि पोलिसांच्या राखणीला सैनिक. इथल्या लोकांनी हे पाहिलेलं आहे.

टेम्सकाठ | १८ जुलै २०१६

न्यूरीवाला, मनापासून आभार. मी इतकी वर्षं या देशात राहून हा पैलू इतक्या जवळून ऐकला नव्हता.

पर्यायांबद्दल दोन-तीन जणांनी व्यक्तिगत संदेशात विचारलं म्हणून लिहितो. नॉर्वेसारखं राहिलो तर बाजारपेठ मिळते, पण लोकांची मुक्त ये-जा मान्य करावी लागते, पैसे भरावे लागतात आणि नियम ठरवताना मत नसतं. बाहेर पडा म्हणणाऱ्यांना नेमकं हेच नको होतं. तुर्कस्तानसारखं केलं तर मालाला जकात नाही, पण सेवा त्यात येत नाहीत, आणि लंडनचं पोट बँका, विमा, वकिली यांवर आहे. शिवाय स्वतंत्र करार करायला हात बांधलेले, म्हणजे फॉक्स यांच्या खात्याला काम उरत नाही. कॅनडासारखा करार करायचा तर त्यांच्या वाटाघाटी २००९ ला सुरू झाल्या आणि आजही सह्या झालेल्या नाहीत. भारताच्या युरोपशी वाटाघाटी २००७ पासून आहेत, २०१३ पासून ठप्प.

मे बाई गृहखात्यातून आल्यात, ये-जा थांबवणं हेच त्या सर्वांत वर ठेवतील असं मला वाटतं. एकदा ते वर ठेवलं की एकल बाजारपेठ गेली, आणि मग न्यूरीवाला म्हणतात तो प्रश्न अंगावर आलाच.

बर्फाळ | १८ जुलै २०१६

कोणी आधी बाहेर पडलंच नाही असं नाही. ग्रीनलंडने १९८२ ला सार्वमत घेतलं आणि १९८५ ला बाहेर पडले. लोकसंख्या पन्नास हजारांच्या आसपास, मुख्य वाद मासेमारीचा. तरी तीन वर्षं.

काळा_कोट | २० जुलै २०१६

मूळ प्रश्न होता कधी आणि कसं, तर त्यात कोण हेही घाला. नोटीस पंतप्रधान आपल्या अधिकारात देऊ शकतात की आधी संसदेचा कायदा हवा? सरकार म्हणतंय, परराष्ट्र करार करणं-मोडणं हा राजमुकुटाच्या नावाने सरकारचा जुना विशेषाधिकार. दुसरी बाजू अशी की युरोपात सामील होण्याच्या १९७२ च्या कायद्याने संसदेने लोकांना काही हक्क दिले. नोटीस गेली की ते हक्क जाणार, आणि संसदेने दिलेला हक्क मंत्री काढून घेऊ शकत नाही. हा इथल्या राज्यघटनेचा चारशे वर्षांपूर्वीपासूनचा झगडा आहे. काल उच्च न्यायालयात प्राथमिक सुनावणी झाली, मुख्य सुनावणी ऑक्टोबरमध्ये. मला दुसरी बाजू भक्कम वाटते. तेव्हा डॉक्टरांच्या वर्षअखेरीत नोटीस जाणं अवघड दिसतंय.

डॉक्टर_लेस्टर | २० जुलै २०१६

संसद सार्वभौम असावी म्हणूनच मी मत दिलं, त्यामुळे कायदा संसदेने करावा याला माझी हरकत नाही. फक्त टाळाटाळ नको.

डिचोलीकर_स्विंडन | २० जुलै २०१६

नमस्कार मंडळी, मी इथे फक्त वाचतो, पहिल्यांदाच लिहितोय. मी गोव्याचा, डिचोलीचा. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोव्यात जन्मलेले आणि त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या पोर्तुगीज नागरिकत्व घेऊ शकतात. आमच्यापैकी अनेकांनी लिस्बनला जन्म नोंदवून तो पासपोर्ट घेतला आणि थेट इथे आलो. स्विंडनमध्ये गोंयकारांची मोठी वस्ती आहे, गोदामांत आणि कारखान्यांत रात्रपाळीला आमचीच माणसं. चर्चमध्ये कोंकणी मिस्सा होतो, चवथीला आम्ही माटोळी बांधतो.

पोर्तुगीज नागरिक झालो तेव्हा भारताचं नागरिकत्व गेलं. तो निर्णय घेताना वडील रडले होते. आता इथलं सरकार म्हणतंय, युरोपियन लोकांच्या हक्कांचं वाटाघाटीत बघू. परत गोव्याला जाऊ म्हटलं तर परदेशी म्हणून जायचं, आणि पोर्तुगालमध्ये कोणी ओळखीचं नाही, भाषा येत नाही. तुम्ही सगळे नोटीस कधी द्यावी यावर बोलताय, ते महत्त्वाचं आहेच. पण जे आधीपासून इथे आहेत ते राहतील, एवढं एक वाक्य सरकारने आजच म्हणायला काय हरकत आहे?

डॉक्टर_लेस्टर | २० जुलै २०१६

काहीच हरकत नाही. ते पहिल्याच दिवशी म्हणायला हवं होतं. मी बाहेर पडायला मत दिलं, तुम्हाला बाहेर काढायला नाही. माझ्या खासदाराला आज रात्रीच लिहितो.

मीरा_साउथहॉल | २० जुलै २०१६

डॉक्टर, या धाग्यात पहिल्यांदा तुमच्याशी शंभर टक्के सहमत. डिचोलीकर दादा, लिहीत राहा.

टेम्सकाठ | २१ जुलै २०१६

ताजी बातमी: पुढच्या वर्षी उत्तरार्धात युरोपियन संघाच्या मंत्री-परिषदेचं फिरतं अध्यक्षपद ब्रिटनकडे येणार होतं, ते सोडून दिलं. बाई काल बर्लिनमध्ये जर्मनीच्या चॅन्सेलर मर्केलना भेटल्या, या वर्षी नोटीस नाही हे स्पष्ट केलं. पुढच्या वर्षी वसंतात फ्रान्सची निवडणूक, सप्टेंबरात जर्मनीची. नोटीस वसंतात दिली तर पहिले सहा महिने त्यातच जातील. मी अजूनही म्हणतो, दोन्ही निवडणुका होऊ द्या.

काळा_कोट | १६ जानेवारी २०१९

धागा वर काढतोय, कारण काल रात्री मे बाईंचा युरोपशी ठरलेला करार संसदेने ४३२ विरुद्ध २०२ मतांनी फेटाळला. नोटीस २९ मार्च २०१७ ला गेली. त्याआधी सर्वोच्च न्यायालयाने ८ विरुद्ध ३ असा निकाल देऊन संसदेचा कायदा मागितला होता. नोटिशीनंतर तीन महिन्यांच्या आत निवडणूक घेतली आणि बहुमत गेलं. तेव्हापासून सरकार उत्तर आयर्लंडच्या डीयूपी या युनियनिस्ट पक्षाच्या १० खासदारांच्या आधाराने उभं आहे, आणि करार फसला तो मुख्यतः आयर्लंडच्या सीमेवर नाकी येऊ नयेत म्हणून घातलेल्या तरतुदीवरूनच. न्यूरीवाला यांचा १७ जुलै २०१६ चा प्रतिसाद नव्या सभासदांनी जरूर वाचावा.

न्यूरीवाला | १७ जानेवारी २०१९

अजून न्यूरीतच आहे. तिसरी जागा अजून कोणाला सापडलेली नाही. कंपनीने मार्चअखेरच्या, म्हणजे दोन वर्षांची मुदत संपते त्या आठवड्यात घरून काम करायची परवानगी देऊन ठेवली आहे.

सॉलिहल_पिंपरी | १७ जानेवारी २०१९

आमच्याकडे याच महिन्यात ४,५०० माणसं कमी करण्याची घोषणा झाली. कारणं अनेक आहेत, चीनमधली घट, डिझेल, हेही. पण आता अडीच वर्षं झाली, सीमाशुल्क संघाचं काय ते मला आजही सांगता येत नाही. माझ्यावर काम अवलंबून असलेल्या पोरांना मी काय उत्तर देऊ?

डॉक्टर_लेस्टर | १८ जानेवारी २०१९

बाहेर पडावं हे माझं मत कायम आहे. पण मंत्रिमंडळाने आपल्याला काय हवं ते चेकर्सला (पंतप्रधानांचं गावाकडचं घर) बसून ठरवलं जुलै २०१८ मध्ये, म्हणजे नोटिशीनंतर सव्वा वर्षाने, आणि त्यावर डेव्हिस आणि जॉन्सन दोघेही राजीनामा देऊन गेले. हे बसणं आधी व्हायला हवं होतं, या मुद्द्यावर टेम्सकाठ यांच्याशी मी वाद घालणार नाही. डिचोलीकर, तुमचं काय झालं? कागद झाले का?

डिचोलीकर_स्विंडन | २२ जानेवारी २०१९

देव बरें करूं, डॉक्टर, आठवण ठेवलीत. त्या वाक्याची वाट पाहण्यात आमची अडीच वर्षं गेली. आता आधीपासून इथे असलेल्या युरोपियन नागरिकांना राहू देणारी सेटल्ड स्टेटसची योजना आहे. पाच वर्षं राहिलेल्याला कायमचं, कमी असेल त्याला आधी तात्पुरतं. कालपासून पासपोर्ट असलेल्या सगळ्यांसाठी अर्ज खुले झाले. ६५ पौंड फी होती, ती रद्द करत असल्याचं मे बाईंनी कालच संसदेत सांगितलं, आधी भरलेल्यांना परत मिळेल.

इथे कोणी पोर्तुगीज पासपोर्टवाले वाचत असतील तर सांगतो. पासपोर्टमधली चिप वाचणारं ॲप फक्त अँड्रॉइड फोनवर चालतं, आयफोनवर नाही. नॅशनल इन्शुरन्स नंबर जवळ ठेवा, कर भरल्याची नोंद त्यावरून आपोआप तपासतात, नोंद तुटक असेल तर पगाराच्या पावत्या किंवा घरभाड्याचे कागद लागतील. आमच्यातल्या बऱ्याच म्हाताऱ्या माणसांना यातलं काही जमत नाही, म्हणून आम्ही काही जण रविवारी मिस्सानंतर चर्चच्या हॉलमध्ये फोन घेऊन बसतोय. स्विंडनच्या आसपास कोणाचे आईवडील असतील तर मला संदेश करा.